लिंबाजीचं वजन

लाकूड वाळवणं म्हणजे थांबणं, आणि हे काम मला चाळीस वर्षांत धड जमलं नाही. हात चांगला आहे. शहागंजात माझं दुकान कुठं असं विचारलंत तर पत्ता सांगणारा आधी हाताचं कौतुक करील आणि मग गल्ली दाखवील. पण थांबण्याच्या बाबतीत मी कच्चाच. या अंकासाठी धंद्यातलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा लेथची निगा, हत्यारांची धार असले भारदस्त विषय मी मनात घोळवत होतो. आमची सुमन स्वयंपाकघरातून म्हणाली, "लिंबाजीचं लिहा की. लाज वाटत नसंल तर." लाज वाटते, तरी लिहितो.

मी कातारी. आमच्या शहरात खरादीही म्हणतात. लेथवर लाकूड गरगर फिरतं, त्याला हत्यार टेकवलं की छिलके उडतात आणि चौकोनी लाकूड हळूहळू गोल होतं. लाटणी, रव्या, भोवरे, खाटेचे पाय, चौरंगाचे पाय, देव्हाऱ्याचे खांब. आताशा हॉटेलवाले सलाडसाठी लाकडी वाडगे मागतात. लाकूड वाळलंय का याच्याशी त्यांना घेणं नसतं, फक्त ते जुनं दिसायला हवं असतं.

वखारीतलं तयार लाकूड मी फार कमी वापरलं. मला सापडलेल्या लाकडाचा नाद. रस्ता रुंद होतोय, वादळात फांदी पडली, कुणाच्या अंगणातली जांभूळ गटारात मुळं घालते म्हणून तोडली, की मी तिथं हजर. पडलेलं झाड दिसलं की माझी स्कूटर आपोआप थांबते. एकदा चुलत सासऱ्यांच्या अंत्यविधीला गेलो, तर सरणाच्या लाकडांत शिसवीचा एक ओंडका दिसला. असा ओंडका जाळायचा म्हणजे काय! मी हळूच तो बाजूला सरकवला आणि त्याच्या जागी तेवढ्याच वजनाची बाभूळ ठेवली. कुणाचं काही अडलं नाही, सासऱ्यांचं तर नाहीच. त्या ओंडक्याच्या दोन सुरेख रव्या झाल्या. पण सुमनच्या माहेरचे लोक अजूनही मला स्मशानात मागच्या रांगेत उभं करतात.

सापडलेलं लाकूड ओलं असतं, हीच सगळी कटकट. ताजं तोडलेलं लाकूड म्हणजे पाण्यानं भरलेली कडब्याची पेंढी. टोकांकडून पाणी भराभर जातं, पोटातलं तसंच राहतं. टोकं आक्रसतात, पोट ऐकत नाही आणि लाकूड तडकतं. म्हणून आणल्या आणल्या टोकांना शेणमातीचा जाड लेप द्यायचा, जमलं तर वरून मेण. ओंडका गाभ्यातून उभा चिरायचा, कारण भेग तिथूनच निघते. मग कच्चं कातायचं, म्हणजे हवं त्याहून बोटभर जाड ठेवायचं, कारण वाळताना ते वाकडंतिकडं होणारच. नंतर सावलीत, थेट वारं लागणार नाही अशा जागी ठेवून विसरून जायचं. इंचाला वर्ष, असा जुना हिशेब. आमच्या मराठवाड्याच्या उन्हात तो जरा आखूड होतो, पण चार इंची खांबाला वर्ष तरी पाहिजेच.

आणि वाळलं हे ओळखायचं कसं, तर वजन करून. दर आठवड्याला एकाच काट्यावर. वजन घटत जातं आणि एक दिवस घटायचं थांबतं. तीन आठवडे काटा हलला नाही की लाकूड वाळलं. कानाला लावणं, नखानं टोचणं, जिभेनं चाटणं हे सगळं गिऱ्हाइकासमोर रुबाब करायला असतं. मीही ते पुष्कळ केलंय.

ओल्या लाकडाची अद्दल मला तरुणपणीच घडली होती. एका ओळखीच्या घरी सत्यनारायणासाठी चौरंग हवा होता, चार दिवसांत. मी महिन्याभराच्या बाभळीचे पाय कातून ठोकून दिले. त्या पूजेत चौरंग दिमाखात उभा राहिला. वर्षभरानं दुसरी पूजा झाली तोवर पाय आतल्या आत वाळून बारीक झाले होते. कथा तिसऱ्या अध्यायात असताना एक पाय शांतपणे निखळला, मग दुसरा, आणि सगळा कढत शिरा भटजींच्या मांडीवर आला. भटजी अनुभवी होते. त्यांनी अध्याय पुरा केला आणि मगच हाय हाय केलं. त्या दिवशी मी ठरवलं, ओल्या लाकडाचा सांधा पुन्हा करायचा नाही. कुणाचं डोकं फुटेल असा तर कधीच नाही.

आता बिराजीआबा. पैठणकडच्या एका गावचे धनगर, माझ्याहून पाचसहा वर्षांनी मोठे. पूर्वी मेंढरं घेऊन लांबलांब जायचे, आता थोडी शेती, वीसेक मेंढरं, आणि मुलगा शेंद्र्याला कंपनीत. त्यांच्या लग्नातल्या खाटेचे पाय मी कातलेले. बाजाराला आले की दुकानात टेकायचे आणि दर वेळी तेच सांगायचे, "मिस्त्री, खाट अजून कुरकुरली नाय." माझ्या आयुष्यात मला मिळालेलं हे सगळ्यात मोठं प्रशस्तिपत्र.

मागच्याच्या मागच्या मार्गशीर्षात आबा आले ते कुणाचा तरी टेम्पो घेऊन. मागं कडुनिंबाचा मोठा ओंडका. आमच्याकडं कडुनिंबाला नुसतं लिंबच म्हणतात. त्यांच्या बांधावरचा हा लिंब रस्त्याच्या रुंदीत गेला होता. आबांची आई शेतात खुरपायला जाई तेव्हा त्याच लिंबाच्या फांदीला झोळी बांधून आबांना निजवायची. पुढं आबांची भावंडं, आबांची मुलं, सगळी त्याच फांदीला लोंबकळून मोठी झाली. आता मुलाच्या बायकोला लग्नानंतर अकरा वर्षांनी दिवस गेले होते. सून कुशावर्ता वैशाखात बाळंत होणार, आणि झाड आडवं.

"झाडच नाय तर झोळी कुठं बांधावी," आबा म्हणाले. "ह्याचाच पाळना करा. बारशाला पायजे."

मी बोटांवर मोजलं. पाच महिने. लाकडाला वर्ष लागतं, असं मी त्यांना सांगितलं.

"पोराला नऊ म्हयने लागत्यात, आन् लाकडाला बारा?" आबांना हे काही पटेना. "माणसापरीस लाकूड भारी व्हय?"

इथं मी चूक केली. समोर अकरा वर्षं थांबलेला माणूस होता, दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं ऐकत होती आणि मघाच खाटेचं कौतुक झालं होतं. मी ओंडक्यावर टिचकी मारली, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणालो, "होईल." आबा निघून गेले आणि गावभर सांगत सुटले, की माझ्या नातवंडासाठी विकतचा पाळणा कुणी आणायचा नाही.

ओंडक्यातून कोपऱ्याच्या खांबांसाठी सहा तुकडे निघाले. हवे होते चार. बारीक दांड्यांची फिकीर नव्हती, त्या लवकर वाळतात. सहाही खांब कच्चे कातले, टोकं लिंपली आणि घरी आणले, कारण दुकानात माझीच पाठ भिंतीला लागते. सहांपैकी एकाच्या अंगावर डोळ्यासारखी गाठ होती. तो नमुन्याचा. दर आठवड्याला त्याचं वजन करायचं आणि बाकीच्यांचं त्यावरून समजून घ्यायचं असं ठरवलं. पहिलं वजन भरलं चार किलो सातशे. साडेतीनच्या आसपास थांबेल असा माझा अंदाज होता.

मग माझी घाई सुरू झाली. माघातलं ऊन कोवळं असतं असं मनाला समजावून दोन खांब पत्र्यावर ठेवले. तिसऱ्या दुपारी असा आवाज झाला की शेजारचे गॅस बंद करून रस्त्यावर आले. दोन्ही खांब उभे फाटले होते, एकात तर हात जाईल एवढी भेग. राहिले चार. म्हणजे आता एकही तडकून चालणार नव्हता. ओंडका संपला होता आणि तसला दुसरा लिंब जगात नव्हता.

घाबरून मी ते चारही गव्हाच्या कोठीत पुरले. धान्य ओल ओढून घेतं, हे खरंच आहे. पण गव्हानं पाण्याबरोबर लिंबही ओढून घेतला. पंधरा दिवसांनी आमच्या पोळ्या अशा कडू झाल्या की भाजी गोड लागायला लागली. सुमननं विचारलं तेव्हा मी, साखरेच्या आजाराला बरं असतं, म्हणालो. हे तिनं शेजारणीला चिडून सांगितलं आणि शेजारणीनं ते खरं धरलं. आठवड्याभरात गल्लीतले चार मधुमेही वाटी घेऊन दारात उभे. त्यांना पीठ देऊन देऊन अर्धी कोठी रिकामी झाली तेव्हा सुमननं खांब बाहेर काढले, स्वतःच्या जुन्या सुती लुगड्यांत एकेक गुंडाळला आणि पलंगाखाली नीट ओळीनं निजवला. "आता ह्यांना हात लावाल तर बघा," म्हणाली. लाकूड वाळवायची योग्य पद्धत हीच होती आणि ती तिला कुणी शिकवली नव्हती.

राहता राहिलं वजन. किराणा दुकानदारानं दोन वेळा करू दिलं, तिसऱ्यांदा नकार दिला. लुगड्यात काय आहे म्हणून गिऱ्हाइकं डोकावतात आणि डाळ घ्यायची विसरतात, असं त्याचं म्हणणं. आमच्या घराला लागूनच अंगणवाडी. तिथल्या रेखाताई मनानं फार चांगल्या. त्यांच्याकडं बाळांसाठी नवा काटा आला होता, दहा ग्रॅमपर्यंत दाखवणारा. लाकडाला याहून चांगला काटा मिळणार नव्हता.

त्या काट्याबरोबर फोनही आला होता. बाळाचं नाव, आईबापाचं नाव, वजन सगळं फोनमध्ये भरायचं. आधी सराव करा, असं त्यांना सांगितलेलं. खरी बाळं काट्यावर हातपाय झाडतात, रडतात. माझा खांब मुकाट पडून राहायचा. रेखाताईंनी दोनतीन आठवडे त्याच्यावरच सराव केला. नाव घातलं लिंबाजी. आमच्याकडं लिंबाजी नावाची पुष्कळ माणसं आहेत, कुणाला काही वावगं वाटायचं कारण नव्हतं. बाप मी, आई सुमन. जन्मतारीख म्हणून झाड तोडल्याचा दिवस.

सराव झाल्यावर पुसायला गेल्या तर पुसलं जाईना. ताई घाबरल्या. खरं तर तेव्हाच कुणाला तरी विचारायला हवं होतं. पण फोननं लिंबाजीच्या वजनाची रेघ काढून दाखवली होती आणि ती रेघ बघून मी हरखून गेलो. चाळीस वर्षं मी वजनं भिंतीवर खडूनं लिहिली, इतकी स्वच्छ उतरती रेघ कधी बघितली नव्हती. मीच म्हणालो, "ताई, राहू द्या. दर शनिवारी भरत जा." त्यांनी भिडेखातर भरलं. लिंबाजी घटत गेला. चार सहाशे, चार साडेचारशे, चार तीनशे. मी पेढे वाटायच्या बेतात आणि फोनवर रेघ पिवळी, मग लाल.

चैत्रात एका दुपारी सरकारी गाडीतून एक मॅडम उतरल्या. हातात पौष्टिक आहाराची पाकिटं. मागं रेखाताई, चेहरा पांढराफटक. आठवड्यामागून आठवडा वजन घटणारं बाळ आणि आईचं वय एकसष्ट, यामुळं दोन दिवस ऑफिसात दुसरा विषय नव्हता, असं नंतर कळलं.

"बाळ कुठं आहे?" मॅडमनी विचारलं.

सुमन उठली. आत गेली, पलंगाखालून गाठोडं काढलं आणि मॅडमच्या मांडीवर ठेवलं. मॅडमनी सवयीनं आधी डोक्याखाली हात घातला. मग लुगडं बाजूला केलं. गाठीचा डोळा त्यांच्याकडं बघत होता.

"हे लाकूड आहे," त्या म्हणाल्या.

"लिंबाचं," मी म्हणालो.

रेखाताई रडायलाच लागल्या. नोकरी जाते की काय अशी त्यांना भीती, आणि ती खोटी नव्हती. मी सगळं अंगावर घेतलं. झाड, झोळी, अकरा वर्षं, पत्रा, कोठी, सगळं सांगितलं. मॅडम ऐकत होत्या, मी कातलेल्या स्टुलावर बसून. मध्येच त्यांनी स्टूल हलवून बघितलं. हललं नाही.

"काका," शेवटी त्या म्हणाल्या, "या फोनमधून बाळ काढायचे तीनच रस्ते आहेत. सहा वर्षांचं झालं पाहिजे, नाहीतर वारलं पाहिजे, नाहीतर गाव बदललं पाहिजे. वारलं म्हणून भरलं तर चौकशीला कमिटी येईल आणि काकूंना प्रश्न विचारील."

"काय विचारतील?" सुमननं विचारलं.

"शेवटचं काय खायला दिलं, वगैरे."

"गहू," सुमन म्हणाली.

मॅडम हसल्या तेव्हा कुठं मला श्वास आला. गाव बदलायचं ठरलं. पण तिथल्या अंगणवाडीनं बाळ समोर बघून, वजन करून स्वतःच्या फोनमध्ये घ्यायला हवं. असं गाव मला एकच माहीत होतं, आबांचं. आणि तिथं मला वैशाखात तसंही तोंड दाखवायचं होतं, पाळण्याशिवाय. कारण वजन अजून घटत होतं. चार किलो. आत पाणी होतं.

त्या पंधरा दिवसांत मी रोज एकदा मनात बेईमान झालो. चारही खांब आहेत तसे पक्के कातावेत, सांधे ठोकावेत, पॉलिश मारावं. बारशाला पाळणा झोकात हलला असता, आबांची मान उंच राहिली असती. सांधे सैल व्हायला सहा महिने लागतात, आणि तोवर कोण विचारतं. मग तो चौरंग आठवायचा. तिथं शिरा सांडला होता. इथं अकरा वर्षांनी आलेलं लेकरू होतं. एक दिवस खांब लेथवर चढवलासुद्धा. सुमननं दुकानात डबा आणला होता. तिनं फक्त लेथकडं बघितलं आणि डबा ठेवून गेली. मी खांब उतरवला.

कुशावर्ताला मुलगी झाली. बाराव्या दिवशी बारसं. मी आणि सुमन पैठणच्या एसटीत बसलो, लिंबाजी लुगड्यात, सुमनच्या मांडीवर. गर्दी होती, पण गाठोडं बघून एका बाईनं उठून जागा दिली. आता खरं सांगावं तर जागा जाते, म्हणून आम्ही गप्प बसलो. ती बाई थोड्या वेळानं म्हणाली, "लई गुणाचं हाय लेकरू, रडत नाय." सुमन म्हणाली, "लहानपणापासून असंच आहे."

गावात मांडव घातलेला. घरात छताला पाळण्यासाठी नवी कडी ठोकलेली, आणि कडीखाली काहीच नाही. सगळे पाहुणे त्या रिकाम्या कडीखालून ये-जा करत होते. आबांनी माझ्या हातांकडं बघितलं, मग माझ्या मागं बघितलं, टेम्पो येतोय का म्हणून. त्या क्षणी मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आबा, पाळणा झाला नाही," मी म्हणालो. "लाकूड ओलं आहे."

"तुमी व्हय म्हणला व्हता, मिस्त्री."

"म्हणालो होतो. खोटं म्हणालो."

सुमननं पुढं होऊन गाठोडं आबांच्या हातात दिलं. आबांनी ते हातावर तोललं. जन्मभर कोकरं उचललेला माणूस, कुठलं पोट भरलंय आणि कुठलं रिकामं हे हातानं सांगणारा. दोनतीनदा वरखाली केलं, लुगडं उघडून गाठीवरून अंगठा फिरवला.

"ह्यात पानी हाय अजून," ते म्हणाले.

"पाचसहाशे ग्रॅम," मी म्हणालो.

"मंग कसा करताल पाळना. सांदा सुटंल." ते मलाच समजावून सांगत होते. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

शेवटी कडी पाळण्यासाठी तशीच राखून ठेवली आणि आबांच्या खाटेच्या पायांना आडवी दोरी बांधून झोळी केली. पायही माझेच, तेवढंच समाधान. बारशात बाळाच्या आधी वरवंटा न्हाऊ घालून, कुंची घालून पाळण्याखालून आणि पाळण्यावरून फिरवतात. वरवंट्यासारखं दणकट व्हावं म्हणून. बायकांनी वरवंटा तयारच ठेवला होता. आबांनी तो बाजूला ठेवायला लावला आणि लिंबाजी पुढं केला. "त्या झाडाची कमी नगं," एवढंच म्हणाले. बायकांनी क्षणभर एकमेकींकडं बघितलं आणि मग वरवंट्याची कुंची लिंबाजीच्या डोक्यावर बसवली. ती बरोबर बसली. कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या म्हणत चार किलोचा खांब चार वेळा झोळीखालून गेला आणि चार वेळा वरून आला. सुमन एका बाजूला घेत होती, कुशावर्ताची नणंद दुसऱ्या बाजूला. मग तिनंच मुलीच्या कानात नाव सांगितलं. गोदावरी.

गावच्या अंगणवाडीच्या शांताबाई बारशाला आल्याच होत्या, काटा घेऊन. गोदा भरली दोन किलो नऊशे. मग मी भीत भीत लिंबाजीचं प्रकरण सांगितलं. मला वाटलं, हाकलून देतील. शांताबाईंनी पदर खोचला आणि फोन काढला.

"द्या इकडं," त्या म्हणाल्या. "माज्याकडं बी एक हाय. सरावाच्या टायमाला भोपळा भरला व्हता. आता तीन वर्साचा झाला. वजन घटत नाय, म्हनून त्याचं कुनी इचारत नाय."

लिंबाजी त्या गावचा झाला आणि रेखाताईंची नोकरी वाचली. नांदायला मात्र तो आमच्याच पलंगाखाली. मी दर शनिवारी रेखाताईंच्या काट्यावर वजन करायचो आणि शांताबाईंना फोनवर सांगायचो. त्या मला गोदाचं सांगायच्या. ती चढत होती, तो उतरत होता. आषाढातल्या एका शनिवारी दोघं तीन किलो आठशेवर भेटली आणि पुढं ती वर गेली, तो खाली. श्रावणात पावसाची ओल पिऊन लिंबाजी साठ ग्रॅम वाढला. लाकूड असं करतंच. पण फोन खूश झाला. मॅडमचा शांताबाईंना फोन आला, सुधारणेबद्दल अभिनंदन. मग त्यांना कुणाबद्दल अभिनंदन करतोय ते आठवलं आणि त्यांनी फोन ठेवला.

दिवाळीनंतर तीन शनिवार काटा हलला नाही. तीन किलो पाचशे. चौथ्या शनिवारीही तेच. चारही खांब धड, एकाला केसाएवढीही भेग नाही. मी दुकान आतून लावून घेतलं आणि त्यांना शेवटचा हात दिला. वाळलेला लिंब कातताना कडवट धूळ उडते, घशाशी बसते. आठ दिवस माझा चहाही कडू होता. पक्कं कातल्यावर एका दिवसात लिंबाजी किलोभर उतरला. ते वजन मात्र शांताबाईंनी फोनमध्ये भरायला साफ नकार दिला. मला परत गाडी नगं दारात, म्हणाल्या. लिंबाजी सहा वर्षांचा होईपर्यंत फोनमध्ये तीन किलो पाचशेच राहणार आहे.

संक्रांत झाल्यावर आम्ही पाळणा घेऊन गेलो. त्याच कडीला टांगला, जमिनीपासून वीतभर उंच. गोदा आता नऊ महिन्यांना टेकलेली, अंगानं भरलेली, रांगून घर दणाणून सोडणारी. कुशावर्तानं तिला पाळण्यात ठेवलं. गोदानं एकदा छताकडं बघितलं आणि असा भोंगा पसरला की बाहेर मेंढरं उठली. पुन्हा ठेवलं, ती कठड्यावरून बाहेर लोंबायला लागली. तिसऱ्यांदा कुशावर्तानं तिला खाली सोडून दिलं. गोदा त्या पाळण्यात एक दिवसही झोपली नाही, पुढंही नाही. हे लिहिताना बरं वाटत नाही. चूक ओल्या लाकडाची नव्हती, दुकानात "होईल" म्हणणाऱ्या माणसाची होती.

"आबा, उशीर झाला," मी म्हणालो.

आबा बाहेर गेले. थंडी होती. आत आले तेव्हा हातात सकाळीच जन्मलेलं कोकरू होतं, अजून थरथरणारं. त्यांनी ते पाळण्यातल्या गोधडीवर ठेवलं आणि झोका दिला. कोकरू एकदा बेंबटलं आणि मुकाट निजलं. हे बघून गोदा रांगत आली, समोरचा खांब धरला आणि उभी राहिली. पहिल्यांदाच, असं कुशावर्ता म्हणाली. पाळणा हलला की गोदाही हलायची, पण खांब सोडेना. गाठीचा डोळा असलेला तो खांब होता. मग तिनं त्याच्या गोल डोक्याला तोंड लावलं आणि नव्या दातांनी कचकचून चावलं. लिंब कडू, तोंड वेडंवाकडं झालं. तिनं परत चावलं.

मी पुढं झालो. घासून पॉलिश करून देतो, दातांचे वण जातील, म्हणालो.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. ते पाळण्यापाशी खाली बसले, लिंबाजीच्या सांध्याला कान लावला आणि डोळे मिटले. दुकानात मी रुबाबासाठी करतो तसंच, पण ते खरंच ऐकत होते. कोकरू झोके घेत होतं, गोदा चावत होती आणि आम्ही सगळे श्वास रोखून आबांकडं बघत होतो. बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे उघडले.

"नाय कुरकुरत," ते म्हणाले.